डॉ. हॅरॉल्ड मॅन : काळ्या मातीचा हिशेब मांडणारा माणूस

'ब्लॅक कॉटन सॉइल' म्हटलं की आपल्याला काय आठवतं? सिव्हिलवाल्यांना लिक्विड लिमिट, प्लास्टिक लिमिट आणि फ्री स्वेल इंडेक्स. शेतकी कॉलेजातल्या मित्रांना पीएच आणि नत्र-स्फुरद-पालाश. आणि शेतकऱ्याच्या घरून हॉस्टेलला आलेल्यांना आठवतं ते वेगळंच : पाऊस झाला की गुडघाभर चिखल, नाही झाला की पाय अडकेल एवढी भेग. माती एकच, पण प्रत्येकाने तिचा आपापला तुकडा धरून ठेवलाय. हे सगळे तुकडे एका टेबलावर मांडणारा एक माणूस शंभर वर्षांपूर्वी आपल्या महाराष्ट्रात वीस वर्षं काम करून गेला. त्याचं नाव डॉ. हॅरॉल्ड हार्ट मॅन. पुण्याच्या शेतकी महाविद्यालयात हे नाव सगळ्यांना माहीत असतं, आपल्या इंजिनिअरिंगच्या दुनियेत मात्र फारसं कोणी घेत नाही. म्हणून हा लेख.

मॅन यांचा जन्म १८७२ साली इंग्लंडमधल्या यॉर्क शहरात झाला. लीड्सच्या यॉर्कशायर कॉलेजमध्ये ते रसायनशास्त्र शिकले. काही काळ पॅरिसच्या पाश्चर इन्स्टिट्यूटमध्येही होते. त्यानंतर त्यांना डॉ. व्होल्कर यांच्या हाताखाली संशोधन-सहायकाचं काम मिळालं. हे व्होल्कर म्हणजे साधे गृहस्थ नव्हेत. १८८९ ते १८९१ या काळात त्यांनी हिंदुस्थानभर फिरून इथली शेती पाहिली होती आणि १८९३ साली मोठा अहवाल लिहिला होता. इथला शेतकरी अडाणी नाही, अडचण आहे ती पाण्याची, खताची आणि पैशाची, असा त्या अहवालाचा एकूण सूर होता. तरुण मॅन यांनी लॅबमधलं काम तर व्होल्करांकडून उचललंच, पण शेतकऱ्याला शिकवण्याआधी त्याचं शेत नीट बघावं लागतं, हेही बहुधा तिथेच मनात बसलं असावं.

१९०० साली ते कलकत्त्याला आले. चहाच्या मळेवाल्यांच्या संघटनेला एक शास्त्रज्ञ हवा होता. आसामच्या चहाच्या जमिनी तपासणं, चहावरच्या रोग-किडींचा अभ्यास करणं ही कामं त्यांनी केली. १९०४ साली आसामात हीलिआका इथे चहा-संशोधनाचं छोटं केंद्रही उभं राहिलं. पुढे ते टोकलाईला हललं आणि जगभर नावाजलं गेलं. याच सुमारास त्यांनी अगदी वेगळा एक निबंध प्रसिद्ध केला. इंग्लंडमधल्या रिजमाँट नावाच्या खेड्यात किती कुटुंबं गरिबीत राहतात, याची घरोघर जाऊन केलेली मोजणी त्यात होती. एका हाताने माती मोजायची आणि दुसऱ्या हाताने माणसाची मिळकत, ही सवय त्यांना तेव्हापासूनची. पुढच्या सगळ्या कामाचं बीज तिथेच आहे.

१९०७ साली ते पुण्याला शेतकी महाविद्यालयाचे प्राचार्य म्हणून आले. एक गंमत सांगते. पुण्यात शेतकीचे वर्ग १८७९ मध्ये पहिल्यांदा सुरू झाले ते कॉलेज ऑफ सायन्समध्ये, म्हणजे आजच्या सीओईपीमध्ये! तेव्हा शेतकीवाले आणि आपण एकाच छपराखालचे आहोत.

पुण्यात आल्यावर त्यांच्यासमोर पहिलाच मोठा प्रश्न आला तो नीरेच्या खोऱ्याचा. नीरा डावा कालवा १८८५ साली सुरू झाला होता. दुष्काळी भागात पाणी आलं, ऊस आला, लोक खूष झाले. पण थोड्याच वर्षांत काही जमिनींवर पांढरा थर दिसू लागला आणि चांगली काळी रानं पडीक पडू लागली. मॅन यांनी आपले सहकारी वि. आ. ताम्हणे यांच्याबरोबर या खारवट जमिनींचा अभ्यास करून १९१० मध्ये तो प्रसिद्ध केला. कारण समजायला सोपं आहे. भारी काळ्या मातीतून पाणी खाली फार हळू झिरपतं. वरून कालव्याचं पाणी देतच राहिलं की जमिनीतली पाण्याची पातळी वर चढते. मग कडक उन्हात केशाकर्षणाने पाणी वर येतं आणि उडून जातं, आणि विरघळलेला क्षार मात्र वरच राहतो. त्यात सोडियम जास्त असेल तर मातीचे कण सुटे होतात, रान चिकट आणि घट्ट बनतं. आपल्याकडे त्याला 'चोपण' म्हणतात. म्हणजे कालवा हे अर्धंच इंजिनिअरिंग. उरलेलं अर्धं म्हणजे पाणी बाहेर काढणारा चर. पाणी आणणाऱ्या इंजिनिअरने पाणी जाणार कुठे हेही बघायचं असतं. उजनीच्या पाण्यावर ऊस लावणाऱ्या आमच्या सोलापूर जिल्ह्याने तर हे विसरूनच चालणार नाही.

यानंतर आलं त्यांचं सगळ्यात गाजलेलं काम. पुण्याजवळचं एक लहान खेडं त्यांनी अभ्यासाला घेतलं : पिंपळे सौदागर. हो, तेच! आज तिथे उंच टॉवर आहेत आणि आपल्यातले निम्मे जण तिथे फ्लॅट घ्यायची स्वप्नं बघतात. तेव्हा तिथे शेती होती. मॅन यांनी दा. ल. सहस्रबुद्धे, ना. वि. कानिटकर, ताम्हणे अशा सहकाऱ्यांना घेऊन त्या गावाचा कोपरान् कोपरा तपासला. खडक कोणता, उतार कुठून कुठे, ओढे कसे वाहतात, पाऊस किती आणि कधी, कुठल्या शेतात माती किती खोल. मातीचे नमुने पुण्याच्या प्रयोगशाळेत नेऊन तपासले. पण ते तिथेच थांबले नाहीत. कोणाकडे किती जमीन, तिचे तुकडे किती, पीक किती, कर्ज किती, हेही लिहून काढलं. १९१७ मध्ये हे पुस्तक छापलं गेलं. त्यातले एकाच गोष्टीचे आकडे बघा. त्या गावातलं सरासरी खातं १७७१ साली सुमारे ४० एकर होतं. १८१८ मध्ये ते साडेसतरा एकरांवर आलं, १८२० ते १८४० च्या दरम्यान १४ एकरांवर आणि १९१४-१५ ला उरलं फक्त ७ एकर! लॅबचा रिपोर्ट माती चांगली म्हणतो, पण सात एकरांत, त्याही तुकड्या-तुकड्यांत, त्या चांगल्या मातीने घर चालत नाही.

टीकाकार म्हणू शकले असते की हे गाव पुण्याच्या शेजारचं, याच्यावरून सगळं दख्खन कसं कळणार? म्हणून त्यांनी कानिटकरांबरोबर दुसरं गाव घेतलं : जातेगाव बुद्रुक, शिरूरकडचं कोरडवाहू गाव. तो अभ्यास १९२१ मध्ये निघाला. तिथे शहराचा आधार नव्हता, सगळं पावसावर. आणि तिथलं चित्र पहिल्या गावापेक्षाही वाईट निघालं.

यात विशेष काय, असं कोणी विचारेल. विशेष हे की त्या काळी जमिनीची प्रत ठरवायची सरकारी पद्धत आधीपासून होती. १८३५ नंतर इंदापूरकडे गोल्डस्मिड आणि विंगेट या साहेबांनी ती बसवली. मातीची खोली आणि जात बघायची, दोष असतील तर वजा करायचे आणि सोळा आण्यांपासून खाली प्रत लावायची. पद्धत हुशारीची होती, पण ती सारा ठरवण्यासाठी होती. प्रत एकदा ठरली की सारा ठरला, पाऊस येवो न येवो. मॅन यांनी प्रश्न उलटा केला. या मातीतून, या पावसात, या उतारावर, एवढ्या जमिनीवर एक कुटुंब जगू शकतं का? प्रयोगशाळा, हवामान, भूरूप आणि माणूस, चारही एकाच हिशेबात.

जगात दुसरीकडेही असा विचार होत होता. रशियात दोकुचायेव यांनी १८८३ मध्ये तिथल्या काळ्या मातीवर, चेर्नोझेमवर, पुस्तक लिहून दाखवलं होतं की माती म्हणजे नुसता खडकाचा भुगा नव्हे. हवामान, उतार, झाडझाडोरा, काळ हे सगळं मिळून ती घडते. रंग सारखा म्हणून माती सारखी, असं मात्र नाही. रशियाची माती सेंद्रिय द्रव्यामुळे काळी, आणि आपली काळी माती बघाल तर तिच्यात सेंद्रिय कर्ब बहुतेक वेळा एक टक्क्याच्या आतच! तिचा खरा खेळ आहे बेसॉल्टपासून बनलेल्या माँटमोरिलोनाइट जातीच्या चिकणमातीचा. पाणी मिळालं की ती फुगते, वाळली की आक्रसते.

आमच्या भवानी पेठेत हे शिकायला लॅब लागत नाही. जुन्या घरांच्या खिडकीच्या कोपऱ्यापासून निघालेली तिरकी भेग उन्हाळ्यात रुंद होते आणि पावसाळ्यात दार चौकटीत अडकतं. पाया खणताना एका प्लॉटवर चार फुटांवर मुरूम लागतो, तर पलीकडच्या गल्लीत काळी माती संपतच नाही. माथ्यावर बरड, मध्ये मध्यम काळी आणि सीना-भीमेच्या काठी भारी काळी, हा उताराचा नियम शहराखालीही चालूच असतो. म्हणूनच रुरकीच्या सीबीआरआयने अंडर-रीम्ड पाइल दिला आणि आयआयटी मुंबईच्या प्रा. कट्टींनी सीएनएस थराची कल्पना मांडली. नुसता एक बोअर घेऊन रिपोर्ट देणाऱ्यांनी हे लक्षात ठेवलं पाहिजे.

पुढे मॅन मुंबई इलाख्याचे शेतकी संचालक झाले. त्यांच्याच कारकिर्दीत १९२३ मध्ये ताम्हणे यांनी पुण्याजवळ मांजरीला कोरडवाहू शेतीचे प्रयोग सुरू केले. १९२६ पासून ते काम कानिटकरांकडे आलं. १९२७ मध्ये मॅन निवृत्त होऊन मायदेशी गेले, पण त्यांची ही माणसं इथेच राहिली. आणि १९३३ साली कोरडवाहू संशोधनाचं केंद्र आलं ते आमच्या सोलापूरला! इथे वर्षाला साधारण ७०० ते ७५० मिलीमीटर पाऊस, त्यातला मोठा वाटा सप्टेंबरमध्ये. रब्बीची ज्वारी वरच्या पावसावर नाही, मातीत साठलेल्या ओलीवर येते. मग इथे मातीची खोली म्हणजे पाण्याची टाकीच. कानिटकरांच्या मंडळींनी वेगवेगळ्या खोलीवरची ओल मोजली, उतारावरून किती पाणी आणि किती माती वाहून जाते ते मोजलं. त्यातून बांधबंदिस्ती, कमी बियाणं, रुंद पाभर आणि वारंवार कोळपणी अशी मुंबई कोरडवाहू पद्धत तयार झाली. कोळपणी कशासाठी? तर भेगा बुजवून ओल उडू न देण्यासाठी. आपले आजोबा हे करतच होते, आता त्यामागे आकडे आले. १९७० मध्ये अखिल भारतीय कोरडवाहू प्रकल्प सुरू झाला तेव्हाही सोलापूर त्यात होतं. आज राष्ट्रीय मृदा सर्वेक्षणात काळ्या मातीची एक नमुनेदार मालिका बार्शीच्या नावाने ओळखली जाते.

इंग्लंडला गेलेले मॅन स्वस्थ बसले नाहीत. १९२८ पासून १९५६ पर्यंत त्यांनी वोबर्नचं प्रयोगक्षेत्र सांभाळलं. तिथली माती वाळूमिश्रित, आपल्या मातीच्या अगदी उलट. पण दख्खन त्यांच्या डोक्यातून गेलं नव्हतं. १८६५ ते १९३८ या वर्षांतल्या मुंबई दख्खनच्या पावसाचा आणि दुष्काळाचा अभ्यास त्यांनी पूर्ण केला. तो १९५५ मध्ये मुंबईत प्रसिद्ध झाला, तेव्हा त्यांचं वय होतं ऐंशीच्या पुढे! मातीचा हिशेब पावसाच्या हिशेबाशिवाय अपुरा राहतो, ही बाकी त्यांनी शेवटी चुकती केली. १९६१ मध्ये त्यांचं निधन झालं. १९६७ मध्ये डॅनियल थॉर्नर यांनी त्यांचे निवडक लेख पुस्तकरूपाने आणले.

मॅन परके होते, सरकारी नोकर होते, साहेबांच्या राज्यात होते. पण त्यांच्या पुस्तकांवर सहस्रबुद्धे, ताम्हणे, कानिटकर ही नावं छापलेली आहेत, आणि त्या माणसांनी काम पुढे नेलं म्हणून ते टिकलं. आपण सबमिशनसाठी जर्नलमध्ये लिक्विड लिमिटचा आकडा लिहितो, सही घेतो आणि विसरतो. पुढच्या वेळी तो आकडा लिहिताना त्याच्या बाजूला तीन गोष्टी लिहून बघा : नमुना उतारावर कुठून घेतला, त्या गावात पाऊस कधी पडतो, आणि त्या जमिनीवर कोण राहतं. व्हायवाला हे कोणी विचारणार नाही. पण साइटवर गेल्यावर पहिले हेच तीन प्रश्न समोर येतात.

– तृतीय वर्ष, स्थापत्य अभियांत्रिकी
(भवानी पेठ, सोलापूर)