डॉ. ल्यूसी विल्स आणि फॉलिक अॅसिडची पिवळी गोळी

थॅलेसेमिया किंवा सिकलसेल असलेल्या बऱ्याच घरांत फॉलिक अॅसिडची पिवळी गोळी असते. ती ज्यांच्या कामामुळे आली, त्या डॉ. ल्यूसी विल्स यांचं महत्त्वाचं संशोधन आपल्या मुंबईत झालं.

त्यांचा जन्म १८८८ चा, इंग्लंडमधला. केंब्रिजमध्ये वनस्पतिशास्त्र आणि भूगर्भशास्त्र शिकून मग त्या वैद्यकाकडे वळल्या आणि १९२० मध्ये लंडनला डॉक्टर झाल्या. १९२८ मध्ये त्या भारतात आल्या. तेव्हा मुंबईत गरीब गरोदर बायकांना एक विचित्र रक्तक्षय होत असे. लाल पेशी नेहमीपेक्षा मोठ्या दिसत आणि अनेक जणी दगावत. हाफकिन इन्स्टिट्यूटमध्ये काम करताना विल्स यांनी आधी जंतुसंसर्ग तपासला, पण त्यातून काही हाती लागलं नाही. मग त्या बायकांच्या ताटाकडे वळल्या.

गरिबांच्या जेवणासारखा आहार त्यांनी उंदरांना देऊन पाहिला, पुढे माकडांना. अशाच एका आजारी माकडाला मार्माइट दिलं आणि ते सुधारलं. मार्माइट म्हणजे यीस्टचा काळपट, खारट, स्वस्त अर्क (चव सगळ्यांना झेपत नाही!). रुग्ण बायकांनाही तो लागू पडला. १९३१ मध्ये त्यांनी हे प्रसिद्ध केलं. अर्कातला नेमका घटक मात्र सापडला नव्हता. १९४१ मध्ये पालकापासून तो वेगळा झाला, तेच फॉलिक अॅसिड. पुढे ते कारखान्यात बनवण्याच्या कामात आपले येल्लाप्रगडा सुब्बाराव होते. विल्स १९६४ मध्ये वारल्या.

आनुवंशिक रक्तविकारात लाल पेशी लवकर फुटतात. नव्या बनवताना अस्थिमज्जा फॉलिक अॅसिड भराभर वापरते, म्हणून ही गोळी. नियमित रक्त चढणाऱ्या मुलाला तिची गरज कमी असू शकते, ते डॉक्टर ठरवतील.

आता मूळ मुद्दा. कोल्हापुरात माझ्याकडे येणारे काही आईवडील ही काही पैशांची गोळी बंद करून अँटिऑक्सिडंटची महागडी बाटली सुरू करतात. कल्पना अगदीच निराधार नाही. साठलेल्या लोहामुळे पेशींना इजा होते हे खरं. व्हिटॅमिन ई वर अभ्यासही झाले आहेत, पण त्याने रक्त चढवणं कमी होतं असं सिद्ध झालेलं नाही. व्हिटॅमिन सी ची मला जास्त काळजी वाटते. ते अन्नातलं लोह जास्त शोषून घ्यायला लावतं आणि साठलेलं लोह मोकळं करतं. लोह उतरवण्याचं औषध चालू नसताना मोठा डोस घेतला तर हृदयाला धोका होऊ शकतो. जी-६-पीडी कमतरतेत तर मोठ्या डोसने लाल पेशी फुटल्याच्या नोंदी आहेत. जेवणातल्या लिंबाच्या फोडीला घाबरू नका, मी गोळ्या-पावडरींबद्दल बोलतोय.

बाटली आणली असेल तर फेकू नका. तिच्यावर लोह किंवा व्हिटॅमिन सी लिहिलंय का बघा, तोवर देऊ नका, आणि पुढच्या भेटीला फेरिटिनच्या रिपोर्टसोबत घेऊन या.