अभियंत्यांचे आदर्श : विश्वेश्वरय्या

मोक्षगुंडम विश्वेश्वरय्या यांचे पितृछत्र लहानपणीच हरपले. बंगळुरूच्या सेंट्रल कॉलेजात शिकत असताना त्यांनी शिकवण्या घेऊन चरितार्थ चालवला. पुढे म्हैसूर संस्थानाच्या शिष्यवृत्तीवर त्यांनी पुण्यात अभियांत्रिकीचे शिक्षण घेतले आणि १८८३ मध्ये परीक्षेत प्रथम क्रमांक पटकावला. मुंबई सरकारच्या सेवेत असताना त्यांनी रचलेले स्वयंचलित दरवाजे १९०३ मध्ये खडकवासला धरणावर बसवण्यात आले. त्यामुळे भिंतीची उंची न वाढवता जलसाठा वाढला. १९१२ ते १९१८ या काळात त्यांनी म्हैसूरचे दिवाणपद भूषवले. ज्या शिक्षणासाठी त्यांना पुणे गाठावे लागले, त्याचे महाविद्यालय त्यांच्याच प्रयत्नांतून १९१७ मध्ये बंगळुरूत उभे राहिले. १९५५ मध्ये त्यांना भारतरत्न सन्मान लाभला. वयाची शंभरी ओलांडल्यावर १४ एप्रिल १९६२ रोजी बंगळुरूतच त्यांचे निधन झाले.