विश्लेषण : भंगारातून पोलाद घडवणारे मार्टिन कंगाल का झाले?

जालन्यातील कारखान्यांत भंगार वितळवून बांधकामाच्या सळया तयार होतात. तिथल्या भट्ट्या आज विजेवर चालतात. पण मोडीतले लोखंड हा पोलादाचा कच्चा माल होऊ शकतो, हे कारखान्यात करून दाखवले ते १८६५ मध्ये, फ्रान्समधील सिरय या गावी. करणारे होते पिएर-एमिल मार्टिन. जन्म १८२४, बूर्ज शहरातला. सिरयचा लोखंडाचा कारखाना वडिलांचाच.

भंगाराची अडचण काय होती?

त्या काळात बेसेमर यांची पद्धत जोरात होती. वितळलेल्या पिग आयर्नमधून हवा फुंकायची, वीसेक मिनिटांत पोलाद तयार! मात्र तिला बाहेरचे इंधन नव्हते. लोखंडातील कार्बन आणि सिलिकॉन जळून मिळेल तेवढीच उष्णता. त्यात थंड भंगार जास्त टाकले तर सगळा माल गोठायचा. दुसरीकडे झिजलेल्या रुळांचे ढीग वाढत होते.

मार्टिन यांनी विल्यम सीमेन्स यांच्या भट्टीचा परवाना घेतला. या भट्टीत बाहेर पडणारे तप्त वायू आधी विटांच्या जाळीतून जात. विटा तापल्या की प्रवाह उलटवायचा. मग आत येणारी हवा आणि इंधनवायू त्याच विटांवर तापून येत. त्यामुळे भट्टी सुमारे १६०० अंश सेल्सियसपर्यंत पोहोचे. मार्टिन यांनी तिच्यात पिग आयर्नसोबत भंगार घातले. पिग आयर्नमध्ये कार्बन सुमारे ४ टक्के, भंगारात अगदी कमी. एकत्र वितळले की प्रमाण उतरते. एका खेपेला कित्येक तास लागत, पण याच संथपणामुळे मधेच नमुना काढून तपासता येई. बेसेमरच्या घाईत ती सोय नव्हती.

श्रेय मिळाले, पैसा कुठे गेला?

१८६७ च्या पॅरिस प्रदर्शनात या पोलादाला सुवर्णपदक मिळाले. पुढे मात्र पेटंटच्या कोर्टकज्ज्यांत मार्टिन यांची पुंजी संपली. त्यांच्या पद्धतीवर इतर कारखानदार गब्बर झाले. १९१२ मध्ये जमशेदपूरला टाटांचे पहिले पोलाद निघाले, तेही ओपन हार्थ म्हणजे याच प्रकारच्या भट्टीतून.

मार्टिन यांची आठवण उद्योगाला झाली १९०७ मध्ये, त्यांनी ऐंशी ओलांडल्यावर. फ्रान्समधील पोलाद उत्पादकांच्या संघटनेने त्यांच्यासाठी निधी उभारला, देशोदेशींहून पैसे आले आणि म्हातारपणाची ददात मिटली. १९१५ मध्ये ब्रिटनच्या आयर्न अँड स्टील इन्स्टिट्यूटने त्यांना पदक दिले. ते होते बेसेमर यांच्या नावाचे. त्याच वर्षी मे महिन्यात, वयाच्या ९० व्या वर्षी, फूरशांबो येथे मार्टिन यांचे निधन झाले.