पावसाचे गणित

मृग नक्षत्र लागले की शेतकऱ्याची दृष्टी आकाशाकडे लागते. शेत नांगरून तयार असते, बियाणे घरात असते. उणीव असते ती केवळ ढगांची. ते वेळेवर येतील काय आणि पुरेसे बरसतील काय, या प्रश्नावर कोट्यवधी माणसांचे अन्न अवलंबून असते. या प्रश्नाचे उत्तर गणिताच्या साहाय्याने शोधण्यासाठी ज्यांनी आयुष्याची वीस वर्षे भारतात वेचली, ते शास्त्रज्ञ म्हणजे सर गिल्बर्ट वॉकर होत.

वॉकर यांचा जन्म १४ जून १८६८ रोजी इंग्लंडमधील रॉचडेल या गावी झाला. त्यांचे वडील अभियंते होते. गिल्बर्टला बालपणापासून गणिताची आणि गरगर फिरणाऱ्या वस्तूंची विलक्षण ओढ होती. १८८९ साली केंब्रिज विद्यापीठाच्या गणिताच्या परीक्षेत ते सर्वप्रथम आले. ऑस्ट्रेलियातील आदिवासींचे बूमरँग नावाचे वाकडे लाकडी हत्यार फेकल्यावर परत कसे येते, याचे गणित त्यांनी मांडले. ते स्वतः मैदानावर बूमरँग फेकण्यात इतके रंगून जात की, मित्रांनी त्यांचे नावच 'बूमरँग वॉकर' असे ठेवले.

भारतात हवामान खात्याची स्थापना १८७५ मध्ये झाली होती. हिमालयावरील बर्फ जास्त असेल तर पुढील पाऊस कमी पडतो, अशा अनुभवाच्या आधारे हे खाते पावसाचा अंदाज वर्तवीत असे. १८९९ साली खात्याने चांगल्या पावसाचा अंदाज दिला. प्रत्यक्षात मात्र ढगांनी पाठ फिरवली. विहिरी आटल्या, गुरे चाऱ्यावाचून तडफडून मेली आणि लक्षावधी माणसे भुकेने व रोगराईने मृत्यू पावली. विक्रम संवत १९५६ मध्ये पडलेला तो भीषण दुष्काळ पश्चिम भारतात 'छप्पन्नचा दुष्काळ' म्हणून लोकांच्या स्मरणात राहिला. अंदाज चुकला तर काय घडते, हे त्या वर्षाने दाखवून दिले.

अशा वेळी, १९०४ मध्ये, वॉकर या खात्याचे प्रमुख म्हणून सिमल्यास आले. हवामानशास्त्राचे शिक्षण त्यांनी घेतलेले नव्हते. परंतु आकड्यांवर त्यांचा विश्वास होता. भारतातील पाऊस केवळ भारतातील हवेवर अवलंबून नसावा, दूरदूरच्या समुद्रांशी व भूमींशी त्याचे काही नाते असावे, असे त्यांना वाटे. म्हणून त्यांनी जगभरातील वेधशाळांतून वायुभार, तापमान आणि पाऊस यांच्या अनेक वर्षांच्या नोंदी मागविल्या. त्या काळी संगणक नव्हते. कार्यालयातील भारतीय कारकून ओळीने बसून हाताने बेरजा-गुणाकार करीत. एका ठिकाणचा आकडा वाढला असता दुसऱ्या ठिकाणचा वाढतो की घटतो, हे ते वर्षानुवर्षे ताडून पाहत होते. अनेक आकडे ताडून पाहिले की काही केवळ योगायोगानेच जुळतात, हे वॉकर जाणून होते. म्हणून प्रत्येक नाते ते पुनःपुन्हा पारखून घेत.

माणसांची पारखही त्यांना होती. १९१३ मध्ये ते मद्रासला गेले असताना तेथील बंदराच्या कचेरीतील एका तरुण कारकुनाचे गणितातील काम त्यांना दाखविण्यात आले. त्यांनी तत्काळ विद्यापीठाला पत्र लिहून त्या तरुणाला संशोधनासाठी साहाय्य देण्याची शिफारस केली. त्याला दरमहा ७५ रुपयांची शिष्यवृत्ती मिळाली. तो तरुण म्हणजे थोर गणिती श्रीनिवास रामानुजन.

अखेर आकड्यांच्या त्या ढिगातून एक आश्चर्य बाहेर पडले. प्रशांत महासागरावर वायुभार वाढला की हिंदी महासागरावर तो कमी होतो आणि तेथे घटला की येथे वाढतो. जणू हजारो मैल लांबीच्या तराजूची ती दोन पारडीच! या हेलकाव्याला वॉकर यांनी 'दक्षिणी आंदोलन' असे नाव दिले. त्याचा भारताच्या पावसाशी संबंध आहे, हेही त्यांना दिसले. परंतु हे असे का घडते, ते मात्र उकलले नाही. पावसाचा बिनचूक अंदाज देणारे सूत्रही त्यांना सापडले नाही. १९२४ मध्ये ते निवृत्त होऊन मायदेशी परतले, तेव्हा मूळ प्रश्न अनुत्तरितच होता. अनेक तज्ज्ञांना त्यांच्या शोधाविषयी शंका वाटे. ४ नोव्हेंबर १९५८ रोजी वयाच्या नव्वदाव्या वर्षी त्यांचे निधन झाले.

त्यानंतर अकरा वर्षांनी, १९६९ मध्ये, याकोब ब्यर्कनेस या शास्त्रज्ञाने त्या कोड्याची उकल केली. प्रशांत महासागराचे पाणी सामान्यतः इंडोनेशियाजवळ उबदार, तर पेरू देशाजवळ थंड असते. उबदार पाण्यावरची ओलसर हवा वर चढते, तिचे उंच ढग बनतात व पाऊस पडतो. ती हवा उंचावरून पूर्वेकडे जाऊन थंड पाण्यावर खाली उतरते. काही वर्षी मात्र उबदार पाणी पूर्वेकडे पसरते. त्यालाच 'एल निनो' म्हणतात. मग ढगही पाण्यामागोमाग पूर्वेकडे सरकतात, वायुभाराचा तराजू कलतो आणि पुष्कळदा भारतातील पाऊस रोडावतो. पुष्कळदा, पण नेहमीच नव्हे. १९९७ मध्ये एल निनो प्रबळ असूनही भारतात पाऊस सरासरीइतका झाला. हवेच्या या फेऱ्याला ब्यर्कनेस यांनी वॉकर यांचेच नाव दिले.

हवामान खात्याचे मुख्य कार्यालय १९२८ मध्ये सिमल्याहून पुण्यास आले. पुण्यातील त्या वास्तूला लोक अजूनही 'सिमला ऑफिस' म्हणतात. आज पावसाचा अंदाज बांधताना प्रशांत महासागराच्या पाण्याचे तापमान आवर्जून पाहिले जाते. वॉकर यांना जे उत्तर हवे होते, ते त्यांच्या हयातीत मिळाले नाही. तथापि ते कोठे शोधावे, ती दिशा त्यांनी दाखविली. प्रामाणिकपणे केलेले काम अपुरे राहिले तरी वाया जात नाही. पुढे येणारे लोक ते तेथूनच पुढे नेतात.