नोटेवरची सही, हिशेबाचा आग्रह : सी. डी. देशमुख

आपल्या सोसायटीत नाशिकरोडच्या प्रेसमधून निवृत्त झालेली मंडळी बरीच आहेत. करन्सी नोट प्रेसमध्ये १९२८ पासून नोटा छापल्या जातात. या नोटांवर रिझर्व्ह बँकेच्या पहिल्या भारतीय गव्हर्नरची सही आली, ती एका मराठी माणसाची. चिंतामण द्वारकानाथ देशमुख हे त्यांचं नाव. सगळा देश त्यांना सी. डी. म्हणून ओळखायचा. रौप्यमहोत्सवाच्या या स्मरणिकेत त्यांची आठवण काढावी, त्याला कारणही तसंच आहे.

देशमुखांचा जन्म १४ जानेवारी १८९६ रोजी महाडजवळच्या नाते गावी झाला. वडील वकील. १९१२ साली मॅट्रिकला ते पहिले आले आणि संस्कृतची जगन्नाथ शंकरशेट शिष्यवृत्तीही त्यांनीच पटकावली. पुढे केंब्रिजला वनस्पतीशास्त्र शिकले आणि १९१८ मध्ये आयसीएस परीक्षेतही पहिले आले. बरीच वर्षं मध्यप्रांत-वऱ्हाडात कारभार पाहिल्यावर ते रिझर्व्ह बँकेत गेले आणि १९४३ साली गव्हर्नर झाले. इतकी हुशारी असूनही मेघदूताचा मराठी अनुवाद करण्याइतकं रसिक मन त्यांनी जपलं होतं.

२६ जानेवारी १९५० रोजी संविधान लागू झालं. त्यानंतर चारच महिन्यांनी देशमुख अर्थमंत्री झाले. इंग्रजांच्या राज्यात सरकारी पैशाचा जाब लोकांना फारसा विचारता येत नव्हता. आता खर्चाला संसदेची मंजुरी आली. त्यांच्या पत्नी दुर्गाबाई तर संविधान सभेच्याच सदस्य होत्या. १९५३ साली त्यांचा विवाह झाला. म्हणजे संविधान घडवणारं एक माणूस आणि त्याप्रमाणे तिजोरी सांभाळणारं दुसरं, असं ते घर होतं.

खासगी विमा कंपन्यांत पॉलिसीधारकांच्या पैशाचे गैरव्यवहार होत होते. म्हणून १९५६ साली देशमुखांनी आयुर्विम्याचं राष्ट्रीयीकरण केलं. त्याच वर्षी मुंबई महाराष्ट्राला न देता केंद्रशासित करायचं ठरलं. असा मोठा निर्णय मंत्रिमंडळात नीट चर्चा न होता व्हावा, हे त्यांना पटलं नाही. मुंबईतल्या गोळीबाराची चौकशी नाकारली गेली, हेही त्यांना खटकलं. त्यांनी सरळ राजीनामा दिला. मराठी माणूस त्यांना विसरला नाही तो यामुळे.

पण त्यांचं त्याहून मोठं काम खुर्ची सोडल्यानंतरचं आहे, आणि ते फारसं सांगितलं जात नाही. त्यांनीच उभ्या केलेल्या आयुर्विमा महामंडळाने १९५७ मध्ये हरिदास मुंधडा यांच्या कंपन्यांत सव्वा कोटीच्या आसपास रुपये गुंतवले. फिरोज गांधींनी लोकसभेत जाब विचारला. न्यायमूर्ती छागलांनी मुंबईत उघड चौकशी केली. लोक ऐकायला गर्दी करत. त्या वेळचे अर्थमंत्री टी. टी. कृष्णम्माचारी यांना पद सोडावं लागलं. नव्या लोकशाहीत हे होऊ शकलं, याचा अभिमान वाटावा असाच तो प्रसंग.

देशमुखांचं म्हणणं पुढचं होतं. एक चौकशी झाली म्हणून भागत नाही. १९५९ साली त्यांनी जाहीरपणे मागणी केली, की मंत्र्यांवरच्या आरोपांची चौकशी करायला एक कायमची, निःपक्ष, उच्चस्तरीय यंत्रणा हवी. पंतप्रधान नेहरूंना वाटलं, अशाने संशयाचं वातावरण पसरेल. मागणी मान्य झाली नाही. देशमुखांना वाईट म्हणणारेही निघाले. मात्र ते मागे हटले नाहीत.

आणि बी रुजलं. १९६४ मध्ये केंद्रीय दक्षता आयोग आला. १९६६ मध्ये प्रशासकीय सुधारणा आयोगाने लोकपाल-लोकायुक्तांची शिफारस केली. १९७२ साली लोकायुक्त नेमणारं पहिलं राज्य ठरलं आपला महाराष्ट्र. केंद्रात लोकपालाचा कायदा व्हायला मात्र २०१३ उजाडलं, तेही देशभर लोक रस्त्यावर उतरल्यानंतर. देशमुख तर २ ऑक्टोबर १९८२ रोजीच हैदराबादला गेले होते.

संविधानाचा अभिमान आपण २६ जानेवारीला झेंड्याला सलाम करून दाखवतो, ते योग्यच आहे. देशमुखांनी तो हिशेब मागून दाखवला, तोही कालपर्यंत आपलेच सहकारी असलेल्यांकडे. हे जास्त अवघड असतं. शेजाऱ्याला, ओळखीच्याला प्रश्न विचारताना आपली जीभ अडखळते ना, तसंच.

९७व्या घटनादुरुस्तीने सहकारी संस्था स्थापन करणं हा नागरिकांचा मूलभूत हक्क झाला आहे. म्हणजे आपली ही सोसायटीसुद्धा संविधानाच्या छत्राखाली आहे. वार्षिक सभेत सिंकिंग फंडाबद्दल कुणी प्रश्न विचारला, तर तो कमिटीवर अविश्वास समजू नये. पावती मागणाऱ्याला भांडखोर म्हणू नये. पंचवीस वर्षं दरवर्षी ऑडिट झालेली वही सगळ्यांपुढे ठेवता येते, हीच खरी आपल्या सोसायटीची श्रीमंती. पुढची पंचवीस वर्षंही ती तशीच उघडी राहो.