फेला कुटी : गाण्याची जबर किंमत मोजणारा कलावंत

नायजेरिया १९६० साली इंग्रजांच्या ताब्यातून मुक्त झाला. पण १९६६ मध्ये तेथे लष्कराने सत्ता बळकावली. सरकारविरुद्ध ब्र काढणे धोक्याचे झाले. अशा काळात फेला कुटी सॅक्सोफोन घेऊन उभे राहिले आणि जे बोलायचे ते गाण्यातून बोलले.

त्यांचा जन्म १५ ऑक्टोबर १९३८ रोजी अबेओकुटा येथे झाला. वडील धर्मगुरू आणि मुख्याध्यापक. आई फुनमिलायो यांनी बाजारात माल विकणाऱ्या हजारो बायकांना एकत्र करून जाचक करांविरुद्ध लढा दिला. अखेर १९४९ मध्ये तेथील राजाला गादी सोडावी लागली. बंडाचे बाळकडू फेलांना असे घरातच मिळाले.

१९५८ मध्ये ते डॉक्टर होण्यासाठी लंडनला गेले, पण शिकले संगीत. १९६९ च्या अमेरिका दौऱ्यात तेथील कृष्णवर्णीयांच्या चळवळीशी त्यांची ओळख झाली आणि गाण्याला दिशा मिळाली. मायदेशी परतल्यावर त्यांनी ड्रमवादक टोनी ॲलन यांच्या साथीने योरुबा ताल, जॅझ आणि फंक एकत्र आणून 'ॲफ्रोबीट' घडवले. गाणी दहा-पंधरा मिनिटांची असत, आणि भाषा रस्त्यावरची मोडकी इंग्रजी. म्हणजे हमालापासून कारकुनापर्यंत सर्वांना कळावी.

'झॉम्बी' या गाण्यात त्यांनी हुकुमाच्या ताबेदार सैनिकांची खिल्ली उडवली. १८ फेब्रुवारी १९७७ रोजी सुमारे एक हजार सैनिकांनी त्यांच्या लागोसमधील घरावर हल्ला करून ते जाळले. शहात्तर वर्षांच्या आईला खिडकीतून खाली फेकले. पुढच्या वर्षी त्या वारल्या. चौकशीत दोष कोणाचा, तर एका 'अज्ञात सैनिकाचा'! फेलांनी शवपेटी नेऊन थेट लष्करी बराकीच्या दाराशी ठेवली आणि दोन्ही प्रसंगांवर गाणी रचली.

१९८४ मध्ये अमेरिकेच्या दौऱ्यावर निघताना परकीय चलनाच्या आरोपाखाली त्यांना विमानतळावर पकडले. शिक्षा पाच वर्षांची झाली. आम्हा बँकवाल्यांना हे नियम रुक्ष कागद वाटतात. पण नको असलेल्या माणसाला गप्प करायला तेही पुरतात. सरकार बदलल्यावर, वीस महिन्यांनी त्यांची सुटका झाली.

फेला काही संत नव्हते. १९७८ मध्ये त्यांनी एकाच दिवशी सत्तावीस स्त्रियांशी लग्न केले. स्त्रियांविषयीचे त्यांचे विचार त्या माऊलीच्या मुलाला शोभणारे नव्हते, हेही नमूद करायला हवे.

२ ऑगस्ट १९९७ रोजी त्यांचे निधन झाले. माजी आरोग्यमंत्री असलेल्या थोरल्या भावाने मृत्यूचे कारण एड्स असल्याचे जाहीर सांगितले. लोक ज्या रोगाचे नावही घेत नसत, त्यावर देशात उघड बोलणे सुरू झाले. अंत्ययात्रेला लाखो लोक लोटले. फेमी आणि शेऊन हे मुलगे आज तेच संगीत पुढे नेत आहेत. ज्या गाण्यापायी घर जळले, आई गेली, ते गाणे मात्र कोणत्याही सरकारला बंद पाडता आले नाही.