विष्णू सीताराम सुकथनकर

विष्णू सीताराम सुकथनकर (४ मे, १८८७ – २१ जानेवारी, १९४३) हे संस्कृतचे गाढे अभ्यासक, पाठचिकित्सक आणि पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिराने सिद्ध केलेल्या महाभारताच्या चिकित्सित आवृत्तीचे प्रमुख संपादक होते. भारतातील ग्रंथसंपादनाला शास्त्रशुद्ध पद्धतीची शिस्त लावणाऱ्या विद्वानांत त्यांची गणना होते.

शिक्षण व प्रारंभीचे कार्य

मुंबईतील शिक्षणानंतर सुकथनकर इंग्लंडला गेले. केंब्रिज येथे त्यांनी गणिताचा अभ्यास केला. पुढे ते भारतविद्येकडे वळले आणि बर्लिन येथे हाइनरिश ल्यूडर्स यांच्या मार्गदर्शनाखाली शाकटायनाच्या व्याकरणावर प्रबंध लिहून त्यांनी डॉक्टरेट मिळवली. मायदेशी परतल्यावर ते पुरातत्त्व खात्यात रुजू झाले. या काळात त्यांनी अनेक कोरीव लेखांचे वाचन व संपादन केले. भासाच्या नावावर असलेल्या नाटकांविषयीचे त्यांचे लेख १९२० पासून प्रसिद्ध होऊ लागले. ‘स्वप्नवासवदत्त’ या नाटकाचा त्यांनी केलेला इंग्रजी अनुवाद १९२३ साली प्रकाशित झाला.

महाभारताची चिकित्सित आवृत्ती

भांडारकर संस्थेची स्थापना १९१७ साली झाली. औंधचे अधिपती बाळासाहेब पंतप्रतिनिधी यांनी महाभारताच्या संपादनासाठी एक लाख रुपयांचे साहाय्य देऊ केले आणि १९१९ साली रा. गो. भांडारकर यांच्या हस्ते कार्याचा शुभारंभ झाला. ना. बा. उटगीकर यांनी संपादिलेले विराटपर्व १९२३ साली नमुन्यादाखल प्रसिद्ध करून विद्वानांची मते मागवण्यात आली. १९२५ साली सुकथनकर प्रमुख संपादक झाले, त्या वेळी पोथ्या जमल्या होत्या. परंतु त्यांतून संहिता कोणत्या तत्त्वावर निश्चित करावी, हा प्रश्न सुटलेला नव्हता.

महाभारताच्या पोथ्या शारदा, नेवारी, मैथिली, बंगाली, देवनागरी, तेलुगू, ग्रंथ, मल्याळम अशा अनेक लिप्यांत होत्या. मोठ्या कागदावर चौकटी आखून वरच्या ओळीत प्रचलित संहितेतील श्लोक अक्षरशः लिहिला जाई आणि खाली प्रत्येक पोथीसाठी एकेक ओळ राखून तीतील निराळे पाठ त्या त्या अक्षराखाली नोंदवले जात. पुण्याबरोबरच शांतिनिकेतन आणि तंजावर येथेही हे काम चाले. आदिपर्वासाठी अशा सुमारे ६० पोथ्यांचा उपयोग करण्यात आला.

युरोपात ग्रीक-लॅटिन ग्रंथांसाठी पोथ्यांची वंशावळ मांडून मूळ पाठापर्यंत जाण्याची पद्धत रूढ होती. महाभारताच्या पोथ्या मात्र शतकानुशतके परस्परांत मिसळत आल्या होत्या. त्यामुळे ती पद्धत येथे यांत्रिकपणे लागू पडणार नाही, हे सुकथनकरांनी ओळखले. परस्परांशी संबंध नसलेल्या वाचनांत जो पाठ समान आढळेल तो प्राचीन मानावा, हे त्यांचे मुख्य सूत्र होते. काश्मीरकडील संक्षिप्त वाचनेला त्यांनी विशेष महत्त्व दिले. ज्या पाठाची खात्री नसेल त्याखाली नागमोडी रेघ छापली जाई. वगळलेले श्लोक तळटीपांत आणि दीर्घ भाग परिशिष्टांत दिले जात, त्यामुळे वाचकाला संपादकाचा निर्णय स्वतः पडताळून पाहता येई. व्यासांचा लेखनिक म्हणून गणपतीची योजना झाल्याची लोकप्रिय कथाही अशाच रीतीने परिशिष्टात गेली.

आदिपर्वाचा पहिला भाग १९२७ साली आणि संपूर्ण पर्व विस्तृत प्रस्तावनेसह १९३३ साली प्रसिद्ध झाले. आपण सिद्ध केलेली संहिता व्यासांची मूळ रचना असल्याचा दावा सुकथनकरांनी केला नाही. उपलब्ध पोथ्यांच्या आधारे गाठता येणारे प्राचीनतम रूप, एवढेच तिचे स्वरूप त्यांनी सांगितले.

आक्षेप व पडताळा

फ्रेंच पंडित सिल्व्हाँ लेव्ही यांच्या मते नवी संहिता न रचता नीलकंठाची प्रचलित संहिता पाठभेदांसह छापणे अधिक उचित ठरले असते. नीलकंठ चतुर्धर हा मूळचा गोदाकाठच्या कोपरगावचा, सतराव्या शतकात काशीत राहिलेला टीकाकार. त्याने स्वतःच अनेक पोथ्यांतून पाठ निवडले होते. त्यामुळे त्याची संहिता उत्तरकालीन व संमिश्र ठरते, असे सुकथनकरांचे उत्तर होते.

या वादाला पुढे एक प्रत्यक्ष कसोटी लाभली. आदिपर्व छापून झाल्यावर नेपाळातील राजगुरू हेमराज पंडित यांच्यामुळे त्या पर्वाची एक प्राचीन ताडपत्री पोथी उपलब्ध झाली. सुकथनकरांनी वगळलेले अनेक भाग तीतही नव्हते. या पोथीवरील त्यांचा अभ्यास त्यांच्या महाभारतविषयक लेखमालेत समाविष्ट आहे. याच मालेतील १९३६ च्या लेखात त्यांनी भृगुकुलाच्या कथांनी भारतकथेत कसा शिरकाव केला, हे दाखवून दिले.

अखेरचे दिवस व वारसा

त्यांनी संपादिलेले आरण्यकपर्व १९४२ साली पूर्ण झाले. त्यानंतर मुंबई विद्यापीठात महाभारताच्या अर्थावर चार व्याख्याने देण्याचे त्यांनी योजले होते. तीन झाली, चौथ्यापूर्वीच त्यांचे निधन झाले. पाठांच्या काटेकोर छाननीत आयुष्य वेचलेल्या या संपादकाने त्यांत महाकाव्याच्या नैतिक व आध्यात्मिक आशयाचा विचार केला आहे. ती १९५७ साली ग्रंथरूपाने प्रसिद्ध झाली. त्यांचे इतर लेखन प. कृ. गोडे यांनी स्मृतिग्रंथमालेत संकलित केले.

सुकथनकरांनंतर श्री. कृ. बेलवलकर आणि प. ल. वैद्य यांनी प्रमुख संपादकपद सांभाळले. १९ खंडांची ही आवृत्ती १९६६ साली पूर्ण झाली. पुढे क्योटोचे मुनेओ तोकुनागा यांनी तिची संहिता संगणकात भरली आणि केंब्रिजचे जॉन स्मिथ यांनी ती तपासून सुधारली. त्यामुळे एखादा शब्द संपूर्ण महाभारतात कोठे कोठे आला आहे, हे आज क्षणात शोधता येते. मात्र पडद्यावर दिसणाऱ्या संहितेतील पाठ का स्वीकारला गेला, हे जाणण्यासाठी अभ्यासकाला छापील खंडांतील पाठभेदांकडे आणि सुकथनकरांच्या प्रस्तावनेकडेच वळावे लागते.